बिस्त्राच्या निधनाचं पत्रक

कोझारेवो, ९ मार्च १९८८

प्रिय कामेनदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पलटणीत रोज घेवडाच मिळतो म्हणून रडतोस. इथे येऊन नदीचं पाणी पी, म्हणजे घेवड्याची किंमत कळेल. आम्ही सगळे खुशाल आहोत, आत्यासुद्धा. हे मुद्दाम लिहितेय. ती गेल्याची बातमी तिकडे पोचली असेल तर ती खोटी आहे आणि तिचं मूळ मी आहे. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

झालं असं, की दोनेवाबाईंनी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी आपल्या बिस्त्रा नदीवर लिहायला सांगितलं. मी खरं ते लिहिलं. चामड्याच्या कारखान्याचं पाणी सरळ नदीत जातं, कधी लाल, कधी निळं, आणि मासा औषधालाही उरलेला नाही. उपायही लिहिला. गाळ बसवायची टाकी कारखान्यामागे बांधून तयार आहे, तिच्यातून पाणी सोडलं तरी निम्मं काम होईल. पण ती उपसायची तर अधूनमधून काम थांबवावं लागतं, म्हणून तिच्यावर फळ्या टाकून ठेवल्यात. बाईंनी लाल शाईने शेरा मारला, की लेखात आशेचा सूर कमी पडतो. मग माझं डोकं फिरलं.

मी काळ्या चौकटीची पत्रकं केली आणि सोमवारी शाळेत जाता जाता पावाच्या दुकानापासून पुलापर्यंतच्या खांबांवर चिकटवली, गावात कोणी गेलं की लावतात तशी. लिहिलं, की अत्यंत दुःखाने कळवतो, आमची लाडकी बिस्त्रा दीर्घ आजाराने आम्हाला सोडून गेली. तिने साऱ्या गावाची तहान भागवली. नदी हा शब्द घातला नाही, म्हटलं सगळ्यांना कळेल. आपल्या आत्याचंही नाव तेच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपण तिला कधी नावाने हाक मारतो का?

संध्याकाळी आत्या कारखान्याच्या कँटीनमधून आपल्या घरी येते, तर अंगणात ही गर्दी. लोकांनी दुसऱ्या दिवशीच्या स्त्री दिनासाठी घेतलेल्या तीन फुलांतलं एक घरी काढून ठेवलं होतं आणि मयताला सम संख्येतलीच फुलं चालतात म्हणून दोन-दोन आणली होती. आत्याला मूलबाळ नाही म्हणून शेजारणीने तिच्या नावाने मयताचे गहूही उकडायला घातले होते. आत्याने पुढे होऊन विचारलं, की कोण गेलं. एका म्हातारीला तिथेच भोवळ आली. मग सगळ्यांनी बसून रकियाचे पेले रिचवले, पोट धरून हसले.

तेवढ्यात कोणीतरी पत्रक पुन्हा नीट वाचलं, ते नदीचं आहे हे कळलं, आणि हसणं बंद झालं. आता मुख्याध्यापिका म्हणतात, अक्षर ताडून बघणार; जो सापडेल तो शाळेतून गेला. म्हणजे पुढे रसायनशास्त्र शिकायचंही गेलं. बाबा कारखान्यात मुकादम. त्यांनी हाती लागलं ते पत्रक चुलीत घातलं आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. आई असती तर निदान ती तरी ओरडली असती. दादा, मला फार भीती वाटतेय, ताट तसंच बाजूला सारते.

उत्तर लवकर दे, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नेवेना


स्लिवेन, १७ मार्च

चि. नेवेनास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट माझ्या हातात पडलं तेव्हा त्याची कड उघडी होती. डिंक सुटला की कोणी सोडवला, देव जाणे. तेव्हा यापुढे फक्त हवापाणी लिही. पाणीसुद्धा नको, नुसती हवा लिही.

अक्कल गहाण ठेवली होतीस का गं? म्हणे सगळ्यांना कळेल. तरी आत्याचं वाचून मी तोंडात रुमाल कोंबून हसलो, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तोंड उघडू नकोस. कोणी विचारलं तर तुला काही ठाऊक नाही. बाबा बोलत नाहीत ते रागाने नाही, घाबरून; त्यांना मी चांगला ओळखतो. नदी काय, आणखी दहा वर्षं तशीच वाहील. तुझं वर्ष वाया गेलं तर ते कोण परत देणार?

जेवत जा. काळजीत पडलेल्या भावाची आठवण ठेव.

तुझा,
कामेन


कोझारेवो, २७ मार्च

चि. कामेनास उदंड आयुष्य आणि आशीर्वाद.

मेलेल्या आत्याचं पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. हे पत्र कोणी फोडलं तर वाचू दे मेल्यांना.

शाळेत वह्या मागवायला लागले, तेव्हा मी सरळ कारखान्याच्या संचालकांकडे गेले आणि सांगितलं, की पत्रक माझं. नाव माझं, मरण माझं, तुम्हाला काय त्याचं. ते म्हणाले, की बाई, तुला चार ओळी धड लिहिता येत नाहीत. मी म्हटलं, मरणाचं लिहायला शाळा लागत नाही. त्यांनाही कोणीतरी एक हवंच होतं. मला कँटीनमधून काढून कातडी भिजवायच्या शेडमध्ये टाकलंय. हातांची सालं निघतात, पण पेन्शनपर्यंत रेटेन. नवी बाई सूप पाण्यासारखं करते असं ऐकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पोरीला यातलं काही कळू देऊ नकोस, ती मध्ये उडी घेईल. तुझा बाप परवा येऊन बसला. माझ्या हातांकडे त्याला बघवेना. तो वाईट नाही रे, भित्रा आहे.

एक मात्र मनाला लागलं. ज्या नदीत हे सगळे पोहायला शिकले, ती गेली म्हटल्यावर त्या संध्याकाळी माझ्या अंगणातून कसे भराभर उठले. माझ्यासाठी रडले आणि तिच्यासाठी पळाले.

सुट्टी मिळाली की ये. या म्हातारीवर लोभ ठेव, जिवंतपणीच.

तुझी,
आत्या


कोझारेवो, १६ एप्रिल

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

आता उघडच लिहिते, कोणी वाचो. आत्या महिनाभर मला टाळत होती. गेल्या रविवारी मी न सांगता तिच्या घरी गेले, तर ती कोपरापर्यंत फडकी गुंडाळून बसलेली. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं कळलं. तुला माहीत होतं आणि तू मधल्या पत्रात मला हवेबद्दल लिहीत बसलास. तुझ्यावर रागावलेच आहे, पण ते नंतर.

माणूस गेलं की चाळिसाव्या दिवशी दुसरं पत्रक लागतं. काल चाळिसावा होता. मी एकच लावलं, पुलावरच्या खांबावर. या वेळी बिस्त्रा नदी असं स्वच्छ लिहिलं. ती मेलेली नाही, आजारी आहे. कृपया फुलं आणू नयेत, टाकीवरच्या फळ्या काढाव्यात. आणि दुःखी कुटुंबीय म्हणून खाली माझं पूर्ण नाव घातलं, वर्गासकट. आत्याचं नाव साफ व्हायला दुसरा मार्ग नव्हता.

दुपारच्या आत मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आवाज न चढवता म्हणाल्या, की सोमवारी समिती बसेल, वडिलांना घेऊन ये. बाबांना ते कसं सांगावं, याच विचारात मी पुलावर आले. वाटलं होतं, पत्रक कधीच फाडलेलं असेल. पण ते तसंच होतं. माझ्या नावाखाली पेन्सिलीने आणखी एक नाव लिहिलेलं होतं. अक्षर मी लगेच ओळखलं. आई गेली तेव्हा तिच्या पत्रकाचा मजकूर त्याच अक्षरात लिहून छापखान्यात दिला होता. स्तोइल, मुकादम, दुसरी पाळी.

बाबा अजून घरी आलेले नाहीत. आत्या आणि मी जेवण झाकून वाट बघतोय.

तुझा लोभ आहेच. सोमवारी तो आम्हा दोघांनाही लागेल.

तुझी,
नेवेना