बाळाच्या स्वेटरची शिवण

माजी नवरोबा,

नमस्कार घालत नाही. काल तुझ्या आई माझ्या दारात आल्या. तुझ्या नव्या बाळासाठी विणलेल्या स्वेटरचे सुटे भाग पिशवीत होते. मान खाली घालून म्हणाल्या, "मला आता दिसत नाही गं. जोडून देशील?"

मूल होत नाही म्हणून तू मला घराबाहेर काढलंस. तरी मी टाक्याला टाका भिडवून बाह्या जोडल्या. बोट फिरवलं तरी शिवण हाताला लागणार नाही. बाळाने माझं काय घोडं मारलंय? मारलंस ते तू.

स्वेटर कुरिअरने येईल, आई येणार नाहीत. "तिथे मी नुसती कामाला आहे," म्हणाल्या आणि इथेच राहिल्या. तुला वाटतंय, त्या मावशींकडे गेल्यात. वाटू दे. म्हणूनच हे पत्र टाकणार नाही.

तुझी कुणीही नसलेली