गाळलेली अट

३ मार्च

चि. ठकूस,

अ. उ. आ. त्यातला एखादा आशीर्वाद उरला तर परत पाठव, सध्या मलाच गरज आहे.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. गणित विभाग माझ्या चौतीस शोधनिबंधांचा ग्रंथ काढतोय. विभागप्रमुख माझाच जुना विद्यार्थी. कागद कुठला वापरायचा यावर त्याने दोन बैठका घेतल्या, आत काय आहे ते बघायला अजून सवड झालेली नाही. अशात दुसऱ्या विद्यापीठातल्या एका बाईंचं पत्र आलं. माझ्या पहिल्याच निबंधात, वाट फुटेल तिकडे पावलं टाकणारा भटक्या घराजवळ किती वेळा फिरकेल याचा अंदाज आहे. बाई म्हणतात, पावलाच्या लांबीला मर्यादा असेल तरच तो अंदाज खरा. भटक्याने मधेच एखादी अफाट उडी मारली की सगळं कोसळतं. दोन दिवस मी त्यांच्या पत्रात चूक शोधली. नाही. आणि त्या अंदाजावर माझे पुढचे नऊ निबंध उभे आहेत.

ती अट मी लिहिली होती हे मला पक्कं आठवतं. निबंध तू टाइप केला होतास. एखादी ओळ सुटली असेल का? दोष देत नाही, नुसतं विचारतो. हस्तलिखित तुझ्याकडे आहे. प्रमुख म्हणतो, टायपिंगची चूक ठरली तर कुणाचीच अब्रू जात नाही.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,

शि. सा. न.

नुसतं विचारतोस ते कळलं. लहानपणी बरणी फुटली तेव्हाही आईसमोर तू माझ्याकडे नुसतंच बघितलं होतंस.

कपाटाच्या वरच्या फळीवर हस्तलिखित सापडलं. चौथ्या पानावर तुझी अट आहे, तुझ्याच अक्षरात. तिच्यावर आडवी रेघ आहे, तीही तुझीच. समासात लिहिलंयस, ‘हे उघडच आहे, गाळ.’ मग मला आठवलं. मासिकाला सहाच पानं हवी होती आणि तुझी शेवटची ओळ सातव्यावर जात होती. वाचणाऱ्याला एवढं कळतंच, असं म्हणाला होतास. वाचणाऱ्यांना कळलंही असेल, लिहिणाराच विसरला. नवल नाही. लग्नाआधी वहिनींना, तू दोन वर्षं परदेशी जाणार हे सांगायचंही उघडच म्हणून गाळलं होतंस.

मी एवढी वर्षं कोर्टात टाइप करते. लोकांचे खोटे जबाब बोट न अडखळता उतरवलेत, एक माझा द्यायला हरकत नाही. बहिणीकडून ओळ सुटली म्हणून खुशाल लिही, तुमच्या गणितात माझी अब्रू आहेच कुठे जायला. मात्र ते पान याच पाकिटात घातलंय, प्रत न काढता. माझ्याकडे राहिलं असतं तर तू जन्मभर मला वचकून राहिला असतास. आता स्वतःलाच काय ते वचकून राहा.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.

ठकू

२८ एप्रिल

चि. ठकूस,

आशीर्वाद, या खेपेला बिनशर्त.

पान चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. मासिकाला टायपिंगच्या चुकीचं पत्रही लिहून ठेवलं होतं, पाकिटावर पत्ता घालून. तुझ्या वहिनीने सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशातून पान निघालं. समास वाचून, अक्षर ओळखीचं वाटतंय, एवढंच म्हणाली.

नवं पत्र सात ओळींचं झालं. अट लेखकाने स्वतः गाळली होती, असं त्यात आहे. नवांपैकी तीन निबंध डागडुजी करून वाचले, सहा गेले. लोक ज्या प्रमेयाला माझं नाव लावतात, ते त्या सहांत आहे. प्रमुखाने सुचवलं की ते सहा शेवटी बारीक टायपात घालू. मी काढायलाच लावले. तो अजून बोलत नाही, ग्रंथ मात्र हातात धरता येण्याजोगा झालाय.

काल शेवटचा तास होता. दरवर्षीप्रमाणे ते प्रमेय फळ्यावर लिहिलं. खाली बाईंचं अफाट उडीचं उदाहरण मांडलं आणि माझं प्रमेय खोटं कसं हे पायरीपायरीने दाखवलं. वर्ग मुकाट्याने उतरवून घेत होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, हे परीक्षेला येणार का. येणार, म्हणालो.

तुझा,
दादा