सकीनाची बाहुली

मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमालास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळ्या पुण्याला सुखरूप पोहोचलात, बरं वाटलं. इकडे शेवंती तोडणीला आलीय. आईचा खोकला कमी आहे. फोनवर आपल्या दोघींचा आवाज लगेच चढतो, म्हणून लिहिते.

तुमच्या प्रदर्शनासाठी तुझ्या विद्यार्थिनींनी आईला बोलतं केलं, छान झालं. जुन्या बालवाड्यांचा इतिहास कागदांपेक्षा वस्तूंत सापडतो, असं तू त्यांना सांगत होतीस. आईने ट्रंकेतले खुळखुळे, मण्यांच्या माळा एकेक करून त्यांच्या हातात दिल्या. पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर निवडायला येणाऱ्या बायकांची पोरं ती कशी सांभाळायची ते सांगितलं. बडबडगीतं हातवारे करून म्हटली. मी आत पोहे करत होते. बाबा गेल्यापासून माझ्याशी ती 'हं'च्या पलीकडे बोलत नाही, हे तुला ठाऊक नाही.

मग तू शोधून काढलेली, त्याच बालवाडीतली सकीना आली. तिने पिशवीतून चिंध्यांची बाहुली काढली. "माझ्या पोरीपण हिच्याशीच खेळल्या, बाई," म्हणाली.

आईने बाहुली उलटसुलट करून पाहिली. "साधनासाठी शिवली होती ही. पण सकीना रडायची थांबेना, म्हणून तिला दिली."

सगळ्या हसल्या. तूही. एकीने लिहूनही घेतलं.

मला हे माहीतच नव्हतं. मला एवढंच आठवतं, की बालवाडीत मीही आईला 'बाई'च म्हणायचं, आणि तिच्या मांडीवर कायम सकीना. तू झालीस आणि बालवाडी बंद झाली. तुला ती अख्खी मिळाली. हे तुला कधी बोलले नाही, कारण ते बोलण्यासारखं नाहीच. पण साठीला आलेल्या बाईला त्या दिवशी सकीनाच्या हातातून बाहुली हिसकावून घ्यावीशी वाटली. आणि तुझ्या हातातून आई.

तुम्ही गेल्यावर मी आईला विचारलं, "मला का नाही दिलीस?"

ती वालाच्या शेंगा सोलत होती. "तिची आई वारली होती गं. तुला होती की."

"कुठे होती?"

तिचा हात थांबला. हातातली शेंग तिने ताटात ठेवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला समजतंय."

"मी चार वर्षांची होते, आई."

"हो," ती म्हणाली. "चारच."

मग ताट बाजूला सारून तिने विचारलं, "तुला काय काय आठवतं, सांग बरं." मी सांगत गेले. दिवेलागण झाली तरी आम्ही तिथेच.

बाहुली प्रदर्शनात सकीनाच्या नावानेच ठेव. ती तिचीच. आईला महिनाभर पुण्याला न्यायचं म्हणतेस. तिच्या गुडघ्यांचं निमित्त काढून मी नाही म्हणणार होते. डॉक्टरांची काही हरकत नाही. ने. पण मीही येईन, आणि तिची उस्तवार करायला नाही. एक दिवस तुझ्या त्या मुलींना माझ्याही समोर बसव. त्यांना विचारू दे.

तुझी ताई,
आणि खळ्यावरच्या बालवाडीत बसलेली,
साधना