ताईचा नवा आवाज

२ जून

ती. ताईस,
सा. न.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तुझ्या रेकॉर्डमधल्या वरच्या सुरांच्या ओळी मीच गात आले, तुझ्या आवाजात. आईसुद्धा फसली. आता ते जमणार नाही. स्वयंपाकघराचं दार लावून तुझी एकेक लकब गळ्यातून काढून टाकलीय. उरलेला आवाज जरा खरखरीत आहे, पण माझा आहे. संगीत मंडळाच्या निवडीला त्याच आवाजात गाणार. परीक्षकांत तू असशील, म्हणून आधीच कळवते. रागावू नकोस.

तुझ्या मायेला हक्काने चिकटलेली,
चिमणी


९ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रागावेन कशाला? दाराआड एवढी साधना चालली होती, आणि आई म्हणायची, तू भांडी घासतेस! पण एकच गाणं उरलंय गं. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, ते अडवू नकोस. माझ्या घशातून आता खालच्या सुरांनाही नुसती हवा येते. अख्खं गाणं तू गा, तुझ्याच आवाजात. रेकॉर्डवर नाव माझं असेल, पण निवडीआधी तुला चांगल्या माइकवर स्वतःला ऐकता येईल. एवढं कर.

आशीर्वाद आहेतच,
ताई


१८ जून

ती. ताईस,
सा. न.

गायले! रेकॉर्डिंगवाल्या काकांचा चहाचा कप हातातच राहिला. असा आवाज कधी ऐकला नाही, म्हणाले. जिन्यात बसून मी आनंदाने रडले. मनातल्या मनात तुला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायचे, आता कधी म्हणणार नाही.

माया अशीच राहो,
चिमणी


१२ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझी निवड झाली नाही. सलूनपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे आपलं गाणं वाजतंय. आजारपणाने ताईला नवा आवाज दिला, असं लोक म्हणतात. त्यामुळे तू पहिली ओळ गायलीस तसे शेजारचे दोघे परीक्षक हसले. गळा तयार आहे, पण हुबेहूब ताईची नक्कल, म्हणाले. मीही मान डोलावली. बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून सगळ्यांत कमी गुण मीच दिले.

असं होणार हे मला आधी कळलं होतं का, असं तू विचारशील. कळलं होतं. माझ्याकडे एकही आवाज उरला नव्हता, चिमणे, आणि तुझ्याकडे दोन होते.

आता घसा बरा आहे. पुढच्या महिन्यात कार्यक्रम सुरू होतील, पण तो खरखरीतपणा मला काही केल्या साधत नाही. रविवारी ये आणि शिकव.

लोभ कमी होऊ देऊ नकोस,
ताई