चार बोल्ट

ता. ९, मंगळवार

कागदावर पेन्सिलीने फुली मारून "आजी, इथे अंगठा" असं लिहिण्याआधी जरा चौकशी करायचीस. दुसरीपर्यंत शिकले आहे मी. दुकानाच्या पावत्यांवर तीस वर्षं माझी सही चालली, ती काय कोंबडी नाचवून केली होती?

असो. बारक्यास आजीचा आशीर्वाद. माझे गुडघे होते तसेच आहेत, विचारलं नाहीस तरी सांगते. दुकानातला कारागीर हल्ली दोन चष्मे लावून काच कापतो आणि तरी वाकडी कापतो.

तू काचेचं दुकान चालवायला येतो म्हणालास, बरं वाटलं. फार नाही, बेताचं. जुनी पिकअप गेल्यापासून तावदानं हातगाडीवर जातायत, तेव्हा नवी हवीच. तू लिहितोस, विकत कशाला, लीजवर घेऊ. तीन वर्षं वापरायची, परत द्यायची, दुसरी कोरी आणायची, दुरुस्ती कंपनीच्या गळ्यात. ऐकायला गोड आहे.

कागद पंक्चरवाल्याकडून वाचून घेतला. अक्षर बारीक, वाचताना त्याचा आवाजही बारीक होत गेला. नवव्या कलमात आहे, गाडीच्या मागच्या हौद्याला भोक पाडायचं नाही. तो म्हणाला, "म्हणजे आजी, काचा टेकवायची लाकडी घोडी बोल्टने बसवता यायची नाही." मी म्हटलं, "ते मला कळतं. तू पुढे वाच."

तुलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर पत्राच्या शेवटी लिहिलंस, घोडी दोराने बांधू, बाबा घाई करायचे, मी गाठ नीट मारीन.

तेवढी ओळ नसती तर मी सही करून मोकळी झाले असते.

तुझा बाप घाई करत नव्हता. अकरा वर्षं सगळे म्हणत आले, गाठ ढिली पडली, घोडी कलंडली, काचा अंगावर आल्या. तुझी आईही तेच धरून बसली. मेलेल्या नवऱ्यावर रागावून तुला घेऊन माहेरी गेली. ती निघाली तेव्हा मी दारातच उभी होते. तोंड उघडलं नाही.

ती जुनी पिकअप तेव्हा नवी होती. घोडी पक्की आवळायची म्हणून त्याने चार बोल्ट आणले होते. मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, "भोकं पाडलेली गाडी उद्या विकायला काढली तर कुत्रं विचारणार नाही. दोराने बांध." चौथ्यांदा विचारू नये म्हणून बोल्ट कपाटात टाकले आणि किल्ली कमरेला लावली. दोर वळणावर काचेच्या धारेला घासून तुटला. मी तो हातात घेऊन पाहिला. गाठ जशीच्या तशी होती. मग तो दोर मी जाळला.

गाडी गेल्या महिन्यात भंगारवाल्याने वजनावर नेली. हौद्याला एक भोक नाही. त्याने वाकून पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा पिकअप विकत घ्यायची. सीटवरचं प्लास्टिक निघायच्या आधी हौद्याला चार भोकं पडली पाहिजेत. पाकीट जड लागलं असेल, बोल्ट त्यात आहेत. गंज रॉकेलने काढलाय. विकतच्या कागदावर सही करीन. लीजच्या कागदावर अंगठासुद्धा मिळायचा नाही, तो परत पाठवते आहे, फुलीसकट.

यायचं की नाही, ते मात्र तू ठरवू नकोस. हे पत्र आईला वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. उत्तर तिने लिहायचं. शिव्या असल्या तरी चालतील. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर मी ते फोडणार नाही.

तुझ्या बापाची आई