करवंदीच्या काट्यांवरची शाल

लोणावळे,
आश्विन, सन १९३८

प्रिय कस्तुरा,

आशीर्वाद. तुझं कार्ड परवा पोचलं. अक्षर आता माझ्यापेक्षा सरळ येतं तुझं, ते बघून बरं वाटलं. मजकूर वाचून मात्र राग आला. दुसरं लग्न नको, शिरगावच्या भिमाजीला नकार कळवा, असं तू तुझ्या आबांना सांगितलंस. आणि कारण म्हणून मला, तुझ्या सासूला, पुढे केलंस, 'आत्याबाईंना एकट्या टाकून मी पाट लावणार नाही.' महिपतीआबा भला माणूस. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाले, हे तूच लिहिलं आहेस. म्हणजे दसऱ्यापर्यंत मला सवड आहे. कार्डावर मावणार नाही म्हणून पाकीट आणलं. हे पत्र तुझं तू वाच, वहिनीला किंवा पोस्टमनला वाचायला देऊ नकोस. त्यासाठीच तुला चुलीपुढे राख पसरून अक्षरं गिरवायला लावली होती.

इकडची बातमी एकच, तुझी शाल झाली. सुयांवरून उतरवली तेव्हा मुठीत मावेल एवढं बोचकं होतं, कुणी उष्टी भांडी घासायला घेतलं असतं. मग कोमट पाण्यात भिजवली, पंच्यात गुंडाळून पाणी टिपलं आणि बाजेवर गोणपाट टाकून त्यावर ताणून लावली. शिरीनबाईंनी टाचण्या दिल्या होत्या, पण या हवेत टाचणी दोन दिवसांत गंजते आणि गंजाचा डाग जात नाही. म्हणून मी टेकडीवर जाऊन करवंदीचे काटे तोडून आणले. एकेका टोकाला एकेक काटा. जसजशी ताणत गेले तशी जाळी उघडत गेली, पान दिसायला लागलं, देठ दिसायला लागला, आणि सुकल्यावर वर लव उभी राहिली, वासराच्या कानात असते तशी. रंग जांभळट आहे. जांभळाचा डाग पुष्कळदा धुतल्यावर लुगड्यावर जो उरतो, तो. बाज अडली म्हणून मी खाली झोपते आहे. बोटांना काटे बोचलेत, त्यामुळे लिहिताना टाक नीट धरवत नाही. अक्षर वाकडं दिसलं तर ते त्यामुळे.

पहिल्या शालीचं तुला आठवत असेलच. तुझं लग्न नुकतंच झालं होतं. मी तेव्हाही शिरीनबाईंच्या बंगल्यावर धुणं-भांडी करायची, आणि दुपारी त्यांच्या पायांशी बसून सुया धरायला शिकले होते. मोहेअर म्हणजे परदेशातल्या एका बकरीचे केस, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला खरं वाटेना. आपल्याकडे बकरीच्या केसांचे दोर वळतात, आणि हा धागा तोंडाजवळ नेला तर श्वासाने हलायचा. त्यांची नजर गेली तशी लेकीसाठी धरलेली शाल त्यांनी माझ्या मांडीवर टाकली. 'रतन, तू पूरी कर नी. मला टाका दिसतच नाय, नुस्ता धूर दिसते.' मी पुरी केली, घरी आणून टोपलीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बंगल्यावर कामाला गेले. तुला वाटलं, आत्याबाईंनी एवढं विणलं पण खळ द्यायची राहिली. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात, त्याशिवाय ती पाऊस अडवत नाही, हे तू माहेरी लहानपणापासून बघितलेलं. तू चिंचोके भाजलेस, वाटलेस, खळ शिजवलीस, शाल त्यात बुडवलीस आणि कुडावर वाळत घातलीस. मी येऊन बघते तर पापड. तू कणगीमागे लपलीस. माझा गेणू कामावरून आला, त्याने ती शाल दोन बोटांनी उचलली, ती तशीच आडवी ताठ राहिली, आणि तो म्हणाला, 'आये, ही पांघरायची का तळायची?' तू कणगीमागे हसलीस म्हणून सापडलीस. तो तुला म्हणाला, 'बाहेर ये, न्हाईतर तुलाबी खळ लावून वाळत घालतो.' त्याआधी त्याच्यासमोर तुझा आवाज मी ऐकला नव्हता.

मग ती मी शिरीनबाईंकडे नेली. त्यांनी बोटं फिरवली, नखाने वाजवून बघितली आणि हसायला लागल्या त्या ठसका लागेपर्यंत. 'अरे खोदायजी, हा तर खाखरा छे!' मग डोळे पुसून म्हणाल्या, 'जी पोरी माझी शाल रांधते, तिला लोकर माझ्याकडून.' उरलेले सगळे गुंडे त्यांनी तुझ्यासाठी दिले. खळ पुढे निघाली, पण केस बसले ते बसलेच. लेकीला ती शाल त्यांनी दिलीच नाही. अजून गुडघ्यांवर घेऊन बसतात, आणि कोणी आलं की तुझी गोष्ट सांगतात.

पुढे कधी तुझं बाळंतपण येईल, तेव्हासाठी म्हणून मी ही दुसरी शाल धरली. मोहेअर उसवत नाही, हे तुला माहीत आहे. एका ओळीचे केस दुसरीत शिरतात, ओढलं तर धागा तुटतो. म्हणून नक्षीचा एक पट्टा झाला की सगळ्या टाक्यांतून एक सुती दोरा ओवून ठेवायचा. पुढे चुकलं तर तिथपर्यंतच मागे यायचं. मी दर पट्ट्याला दोरा ओवत होते. मग गेणूला विषमज्वर झाला. तू त्याच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होतीस आणि मी उशाशी बसून विणत होते, कारण हात रिकामे ठेवून बसवेना. त्या दिवसांत दोरा ओवायचं भान कुठलं. तो गेला, आणि सुयांसकट ते मी पेटीत टाकलं. वर्षभर पेटी उघडली नाही. यंदा जेठात उघडली तेव्हा दिसलं की एक पट्टा पार चुकला आहे, पानं एकमेकांवर चढली आहेत. उसवून बघितलं, निघेना. शिरीनबाई म्हणाल्या, कापून टाक आणि नवी धर. मी कापली नाही. तिथून पुढे विणत गेले. तो पट्टा डाव्या काठाकडे आहे. लोकांना दिसायचा नाही. तुला दिसेल. असू दे.

झुंबरबाई परवा येऊन गेल्या. मोठी जाऊ म्हणून मान द्यायचा तो मी दिला, चहा केला. बाजेवरची शाल बघून म्हणाल्या, 'हे कुणासाठी गं, रतन?' सुनेसाठी, म्हटलं. 'सून पाट लावून गेली की तुला पानी कोन देनार? त्या पारशिणीचा कुत्रा?' मी म्हटलं, कुत्रा तरी रोज दारात येतो, तुम्ही दिवाळीच्या फराळापुरत्या येता. कप अर्धा टाकून गेल्या. गावभर काय बोलत असतील ते तुझ्यापर्यंत येईलच, म्हणून आधी सांगितलं.

आता एकटेपणाचं. तुझे सासरे गेले तेव्हा गेणू पाळण्यात होता आणि मी तुझ्याएवढी होते. मला कोणी विचारलं नाही. विचारायच्या आधीच झुंबरबाईंच्या सासूने, म्हणजे माझ्याही, माझ्या डोक्यावर पाटी दिली आणि शेतावर धाडलं. घरात दोन हात फुकट राबतायत, ते कोण सोडेल? माझ्यावर माया होती म्हणून ठेवलं, असं सगळे म्हणायचे. मी त्या मायेचं जेवण पुष्कळ वर्षं जेवले. गेणूला शाळेत घालायचं असं मी म्हणाले तेव्हा ती माया संपली, आणि मी त्याला काखेत मारून लोणावळ्याला आले. त्याच्या पुस्तकात डोकं घालून मीही वाचायला शिकले. तुला मी त्या मायेने ठेवून घेणार नाही. तू पाणी भरतेस, भाकरी करतेस, माझे पाय चेपतेस, ते मला गोड लागतं. तेवढ्यासाठी तुझा जन्म माझ्या चुलीपुढे जावा, एवढी मी हलकी नाही.

मी म्हातारीही नाही. घागर अजून कमरेवर आणते. सकाळी बंगला, दुपारी शिरीनबाईंना पेपर वाचून दाखवायचा. विलायतेत लढाई होणार की टळणार, एवढ्या एका गोष्टीवर त्या रोज दोनदा मत बदलतात. संध्याकाळी माझं वाचन. आणखी तीन बंगल्यांतून शालींची विचारणा आली आहे. तू गेल्यावर घर सुनं होईल, ते मी लपवत नाही. गेणूबद्दल बोलायला दुसरं माणूसच नाही मला, ते फक्त तू होतीस. हे मला जड जाणार आहे आणि मी ते उचलणार आहे. तू त्यात हात घालू नकोस.

आता ज्यासाठी पाकीट आणलं ते लिहिते. तू आबांवर रुसली आहेस. त्यांनी तुला ओझं समजून खपवायला काढलं, असं तुझ्या कार्डात दिसतं. त्यांच्यावर रुसू नकोस. भिमाजीचं नाव त्यांनी काढलं नाही, मी काढलं. तुला आषाढात विसाव्याला म्हणून माहेरी पाठवलं, ते याचसाठी. तू गेलीस त्याच आठवड्यात मी तळेगावला उतरले आणि इरलं घेऊन शिरगावला चालत गेले. त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे मी आधी चौकशी करून ठेवलं होतं. तो लावणीत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मी बांधावरूनच सांगितलं कोण आणि कशाला आले ते. तो म्हणाला, 'मावशी, तुमच्या लेकाची बायकू. तुमीच कशा आलात इचारायला?' मी म्हटलं, मग कोण येणार, लेक येणार? तो बांधावर येऊन बसला, हात धुतले आणि म्हणाला, 'ती व्हय म्हनली तर मी हाय. न्हाई म्हनली तर माझ्याकडनं परत कुनी येनार न्हाई, तिला तरास न्हाई.' एवढं ऐकलं आणि मी उठले, तिथून तुझ्या आबांकडे गेले, आणि तुला कळू देऊ नका म्हणून त्यांना शपथ घातली. ती शपथ आज मी सोडवते. एक अट मात्र भिमाजीला तेव्हाच घातली. आपल्यात पाट अंधार पडल्यावर लावतात, सवाष्णी उठून जातात, आणि उजाडेपर्यंत त्या बाईचं तोंड बघत नाहीत, जशी काही तिने चोरी केली. तुझा पाट दिवसा लागेल, तुझ्या आबांच्या अंगणात, आणि सवाष्णी नाही आल्या तर तुझ्या खांद्यावर शाल मी घालीन. भावकी बोलेल, तिला मी उत्तर देईन. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने मी वडगावला उतरून तुमच्याकडे येते. त्याआधी बाजाराच्या दिवशी भिमाजी वडगावला येईल, त्याला नीट बघ, दोन शब्द बोल. नाही पटला तर तसं सांग. आपण दोघी संध्याकाळच्या गाडीने परत येऊ, आणि मी जन्मात तो विषय काढणार नाही. पण नाही म्हणायचं तर त्याच्याकडे बघून म्हण. माझ्याकडे बघून नको.

तुझीच,
आत्याबाई