तिसरी हाक

सान बाल्तासार,
१९ जानेवारी

बेंतू,

तुला आशीर्वाद द्यावा की तुझा कान धरावा हे ठरत नाहीये, म्हणून दोन्ही. इकडे सगळे बरे आहोत. मका घरात येऊन पडला, घेवडा यंदा चांगला झाला, डुकरिणीला पिल्लं झाली. माझा नवरा पास्कुआल खोकतो आणि तरीही सिगारेट ओढतो. आईही बरी आहे. फोन केला की तू दर वेळी "ताई, समोर गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. पत्र बाजूला ठेवता येईल तुला, पण माझं वाक्य मध्येच तोडता येणार नाही.

तू पाठवलेली जोडी येऊन गेली. हॉलंडच्या आनेकेबाई आणि त्यांचे यजमान योस्ट. तुझ्या सहलींच्या ऑफिसच्या रंगीत पत्रकात "अस्सल माया जमातीच्या कुटुंबात मुक्काम" असं छापलंय म्हणे. अस्सल! आम्ही काय मधाची बाटली आहोत? मी मका गिरणीतून दळून आणते हे ऐकल्यावर बाईंचा चेहराच पडला. मग मी कोपऱ्यातला पाटा धुऊन काढला, फोटोपुरतं दळलं आणि बाकीचं गुपचूप गिरणीतून आणलं. जेवताना बाई म्हणाल्या, "पाट्यावरच्या भाकरीची चवच वेगळी!" मी म्हटलं, "हो ना."

माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू म्हणशील, ताईला परके लोक सोसत नाहीत. योस्टसाहेब वाफेच्या न्हाणीत शिरताना रोज कपाळ आपटून घ्यायचे आणि स्वतःच हसायचे. बाईंनी तर अंगणातल्या अवोकाडोच्या झाडाला माग बांधला, पट्टा कमरेला लावला आणि पाठ भरून आली तरी उठल्या नाहीत. कमरपट्टा विणला वीतभर, तोही नागमोडी. आई तो चाचपून म्हणाली, "विणताना ही नवऱ्याशी भांडत होती वाटतं." मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, तर दोघंही लाल झाले. खरंच भांडले होते.

चाचपून म्हणजे काय, ते तुला कळलं असेल. आईला आता दिसत नाही. तुला कळवू नको असं तिनेच बजावलं होतं, म्हणून वर "बरी आहे" लिहून मोकळी झाले. बरी नाहीये ती. पायरी उतरायलाही माझा खांदा लागतो.

निघायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, बाई म्हणाल्या, "आता तो वीपिल बघू या का?"

"कुठला?"

"तुमच्या आईंचा. अंगात घालायचा, सणाचा, दोन डोक्यांचा पक्षी विणलेला. बेंतुरा म्हणाली, घरात नुसता पडून आहे, तुम्हाला नक्की देतील."

पडून आहे! तो आईने लग्नाआधी विणला. मानकरीण होऊन मिरवणुकीत मेणबत्ती घेऊन बायकांच्या पुढे चालली ती तोच घालून. आणि तिला मातीत ठेवायचं तेही त्यातच, हे तुला आणि मला पोरवयापासून पाठ आहे. विसरले म्हणू नकोस. तुला माहीत होतं आणि तू शब्द दिलास.

मी तिथल्या तिथे नाही म्हणणार होते. पण आईने तुझं नाव ऐकलं होतं. स्पॅनिश तिला येत नाही, तुझं नाव मात्र कुठल्याही भाषेत कळतं. विचारून विचारून तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं.

"बेंतूने शब्द दिलाय? मग काढ पेटीतून."

"आई, मग तू काय घालून जाणार?"

"जाईन कशीही. माती काय कपडे बघते? पोरीचा शब्द खाली पडायला नको."

काढला. आपल्याकडे अंगावरचं कापड परक्याला देताना काय करतात, आठवतं ना? धूप दाखवायचा, फांदीने झटकायचं, कपड्याच्या गळ्यात तोंड घालून आपलं नाव तीनदा पुकारायचं, म्हणजे आपला जीव कापडाबरोबर परमुलखात जात नाही. आईने सगळं रीतसर केलं. साहेबांनी कॅमेरा काढला. आईने वीपिलच्या गळ्यात तोंड घातलं आणि हाक मारली.

"बेंतुरा, चल बाळा, घरी चल. त्यांच्यात राहू नकोस."

मला वाटलं, म्हातारी चुकली. म्हटलं, "आई, स्वतःचं नाव घे. कापड तुझं आहे."

"माझा जीव कुठे जातोय? बसलाय इथेच. तिचा गेलाय." आणि पुन्हा तोंड घालून दुसरी हाक, "बेंतुरा, चल गं."

लहानपणी तू ओढ्यात पडलीस, भेदरून खाणंपिणं सोडलंस, तेव्हा ह्याच वीपिलमध्ये गुंडाळून ओढ्याकाठी नेऊन तुला अशीच हाक मारली होती तिने. तिसऱ्या हाकेला तू भाकरी मागितलीस. मी तिथे होते. माझ्या वाटणीची भाकरी तू खाल्लीस.

साहेब म्हणाले, "काय म्हणतायत आई? फारच सुंदर आहे हे!"

माझं डोकंच फिरलं. तिसऱ्या हाकेच्या आधी मी तो वीपिल आईच्या हातातून ओढून घेतला. हो, आंधळ्या आईच्या हातातून. मला त्याची लाज वाटत नाही.

"कॅमेरा खाली ठेवा, साहेब. ती आपल्या जित्याजागत्या मुलीला हाका मारतेय. हा वीपिल मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही, कुठल्याच भावाने नाही."

"पण आम्हाला तर सांगितलं होतं..."

"जिने सांगितलं तिचं घर हेच. तिने इथे यावं, आईच्या समोर बसावं आणि स्वतःच्या हाताने काढून द्यावा. मग खुशाल न्या."

बाई त्यांच्या भाषेत नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. कॅमेरा पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी आईचा हात बराच वेळ धरून ठेवला. तो नागमोडी पट्टा कमरेला बांधून गेल्या.

तुझ्या ऑफिसच्या साहेबाकडे तक्रार जाईल कदाचित. जाऊ दे. पुन्हा पाहुणे पाठवले नाहीत तर माझं अंगण मोकळं राहील. आई माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं खाते आणि तोंड फिरवून बसते. फिरवू दे. मी तिची मुलगी आहे, तुझ्या शब्दाची राखणदार नाही.

आता एकच गोष्ट, जी इतके दिवस गिळून बसले होते. मागे आई शहरात तुला भेटायला आली, तेव्हा तू तिला ऑफिसच्या मागच्या दाराने आत घेतलंस. गिऱ्हाइकांनी बघायला नको म्हणून. तिने मला ते हसत हसत सांगितलं, आणि मग रात्रभर जागी होती. बाईंनी ते पत्रक मला दाखवलं. त्याच्या पहिल्या पानावर आईचा फोटो आहे, बेंतू. पाहुण्यांना बोलवायला पुढे, आणि तुला भेटायला मागून?

पुढच्या महिन्यात कांदेलारियाच्या, मेणबत्त्यांच्या सणाला मी आईला तो वीपिल घालणार आहे. गावातले शहाणे म्हणतायत, आंधळ्या बाईला मिरवणुकीत कशाला चालवता? चालवणार. पडली तर मी उचलीन. एका बाजूने मी धरीन, दुसऱ्या बाजूला कुणाला धरू देणार नाही.

दोन हाका मारून झाल्या आहेत. तिसरी मी अडवून धरली आहे आणि ती कापडात मारू देणार नाही. ती तू समोर उभी राहून ऐकायची.

पुढच्या दाराने ये.

तुझा कान धरायला थांबलेली,
तुझी ताई
तोमासा